न्यू जर्सी: स्कूल बसच्या मागच्या दारातून मुलांना उतरवतात, हे नियमात आहे का?

एडिसनची_नवी_पाहुणी
आम्ही जुलैत पुण्याहून इकडे आलो, मुलगा पाचवीत आहे. काल घरी आल्या आल्या सांगायला लागला की आज आम्ही सगळ्यांनी बसच्या मागच्या दारातून उड्या मारल्या. मला वाटलं फेकतोय, पण शेजारची मुलगीपण तेच म्हणाली. गुडघा खरचटलाय थोडा. शाळेकडून आधी मेल नाही काही नाही. हे कंपल्सरी असतं का शाळा आपल्या मनाने करते? आणि दप्तर बसमध्येच सोडायचं म्हणे, त्याला दमा आहे, इनहेलर दप्तरात असतो, मग काय करायचं?

पार्सिपनीकर
कंपल्सरी आहे. न्यू जर्सीत बसने येणाऱ्या मुलांसाठी वर्षातून किमान 2 वेळा हे ड्रिल, म्हणजे संकटात बसमधून बाहेर पडायचा सराव, करावंच लागतं, आणि जी मुलं रोज बसने येत नाहीत त्यांनापण वर्षातून एकदा शिकवायचं असतं कारण ट्रिपला तीच बस असते ना. ड्रायव्हर आणि बसमधली मदतनीस दोघांनी भाग घ्यायचा, शाळेच्या आवारातच करायचं, मुख्याध्यापक किंवा त्यांनी नेमलेला माणूस हजर पाहिजे. झाल्यावर तारीख, वेळ, शाळा, रूट नंबर हे सगळं डिस्ट्रिक्ट बोर्डाच्या (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) पुढच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, नोंदवतात. ते मिनिट्स वेबसाइटवर सापडतात बहुतेक, बघा तुमच्या रूटचं आहे का. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये तर 3 ड्रिल, पहिलं शाळा सुरू झाल्यावर 7 दिवसांच्या आत.

पिवळीबस
मी डिस्ट्रिक्टच्या बसवर मदतनीस आहे म्हणून लिहिते. उडी मारायला कोणी शिकवत नाही हो!! दाराच्या कडेला बसायचं, पाय बाहेर सोडायचे आणि घसरत उतरायचं, खाली दोन मोठी मुलं हात द्यायला उभी करतात. पोरं शेवटच्या क्षणी उडी मारतातच, पाचवीतली तर हमखास, तेव्हा गुडघ्याचं शाळेत नक्की कळवा म्हणजे पुढच्या वेळी लक्ष ठेवतील.
दप्तर का सोडायचं तर मधली वाट आधीच अरुंद, एक दप्तर अडकलं की मागची सगळी रांग थांबते. 1988 मध्ये केंटकीत कॅरल्टनजवळ दारू प्यायलेल्या माणसाने चुकीच्या दिशेने येऊन एका बसला धडक दिली, ती चर्चने वापरायला घेतलेली जुनी स्कूल बस होती. पुढचं दार बंद झालं, आग लागली, 60 च्या वर माणसं त्या एका मागच्या दाराकडे धावली आणि दाराजवळ कूलर, म्हणजे थंड पेयांची पेटी, ठेवलेला. 27 जण गेले. त्यानंतर नव्या बसमध्ये बाहेर पडायच्या जागा वाढवल्या, छतातली झडप आणि खिडक्या धरून. मुलाला विचारा त्याच्या सीटजवळची कुठली आहे ते.
अजून एक, बस बंद पडली की लगेच उतरायचं असं नसतं. रस्त्यावर गाड्यांमध्ये मुलं उतरवण्यापेक्षा आत बसलेलीच बरी. आग, धूर, बस रुळांवर अडकली, पाणी चढतंय, अशा वेळीच उतरवतात आणि मग लांब, साधारण 100 फूट तरी, सगळी एकत्र. मोठ्या मुलांना पार्किंग ब्रेक आणि रेडिओ दाखवून ठेवतात कारण ड्रायव्हरच बेशुद्ध पडला तर कोण सांगणार. आणि सीटबेल्ट! दचकलेल्या मुलाला बकल सुटत नाही, घरच्या गाडीत सराव करून घ्या.

नाशिककर_बाबा
वाचून हेवा वाटला. आपल्याकडे 2011 चे महाराष्ट्र स्कूल बसचे नियम आहेत, प्रत्येक शाळेत परिवहन समिती, अध्यक्ष मुख्याध्यापक, पालकांचा प्रतिनिधी, बसमध्ये बाई अटेंडंट. कागदावर चांगलंच आहे. पण आमच्या मुलीच्या बसमध्ये इमर्जन्सी दाराला टेकून दप्तरांचा ढीग आणि वर पाण्याच्या बाटल्या. मी पालक मीटिंगमध्ये म्हटलं एकदा मुलांना ते दार उघडून तरी दाखवा, तर म्हणे दार उघडलं की परत नीट लागत नाही. आता काय बोलणार. समितीत पालक प्रतिनिधी कोण ते शोधतोय, कुणालाच माहीत नाही.

पार्सिपनीकर
नाशिककर, लेखी द्या, तोंडी मीटिंगचं काही राहत नाही.
इनहेलरचं राहिलं. न्यू जर्सीत दम्याच्या मुलाला स्वतःजवळ ठेवता येतो, पण डॉक्टरचं लेखी पत्र आणि पालकांची लेखी संमती शाळेत द्यावी लागते, दर वर्षी नव्याने. नर्सला भेटा, फॉर्म तीच देईल. मग दप्तरात नको, कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये.

एडिसनची_नवी_पाहुणी
धन्यवाद सगळ्यांना. नर्सला मेल टाकलाय. मागच्या वर्षीचे मिनिट्स काढून बघितले, आमचा रूट नंबर दोनदा आहे. पोरगा मात्र अजून म्हणतोय उडीच मारायची असते, त्याला पिवळीबस यांचं उत्तर वाचून दाखवते आज.