स्कापा फ्लोला डाइव्हला जायचंय, ड्रायसूट जमत नाहीये – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

थंड पाण्यात उतरणारं इथे कुणी आहे का?

मी मूळचा पुण्याचा, सध्या लीड्समध्ये. पहिली डाइव्ह मालवणला, सिंधुदुर्गाजवळ, सगळे करतात तीच – प्रशिक्षकाने मागून सिलेंडर धरलेला. मग तारकर्लीत रीतसर कोर्स, गोव्यात ग्रँड आयलंडला अ‍ॅडव्हान्स्ड, अंदमान दोनदा. एकूण ३४ डाइव्ह, सगळ्या कोमट पाण्यात, वेटसूट घालून. पुण्यात गिझर बिघडला तर अंघोळीला दांडी मारणारा माणूस आहे मी.

आता इथल्या क्लबने सप्टेंबरात ऑर्कनीला (स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं; स्कापा फ्लो हा त्यांच्यामधलाच समुद्र) सहा दिवसांची बोट ठरवली आहे. एक जागा रिकामी होती, उत्साहाच्या भरात पैसे भरून बसलो. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजं स्कापा फ्लोमध्ये नजरकैदेत होती. २१ जून १९१९ ला फॉन रॉयटर या त्यांच्या अ‍ॅडमिरलने इशारा दिला आणि खलाशांनी झडपा उघडून आपलीच जहाजं बुडवली. ५२ तळाला गेली. गंमत म्हणजे तिथल्याच स्ट्रॉमनेस गावच्या शाळेची पोरं नेमकी त्याच दिवशी बोटीतून हे आरमार बघायला सहलीला आली होती! हे वाचल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही.

अडचण ड्रायसूटची, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या, आत हवा भरायच्या सूटची. सरावाला एका खाणीच्या तळ्यात गेलो होतो. ९ मीटरवर जरा पुढे वाकलो, सूटमधली हवा सुर्रकन पायांकडे गेली आणि मी पाय वर, डोकं खाली अशा थाटात पृष्ठभागावर अवतरलो. प्रशिक्षक हसला नाही, तेच जास्त लागलं. शिवाय गळ्याचं सील (पाणी आत येऊ नये म्हणून असलेली घट्ट पट्टी) इतकं आवळतं की दोन नंबर लहान कॉलरचं बटण लावल्यासारखं वाटतं.

तर ३४ डाइव्हवाल्याने जावं का? गेलो तर कुठली जहाजं करावीत, कुठली सोडावीत? पैसे गेले तरी चालतील, खरं सांगा.

– ओलाचिंब

पाणकावळा:
दोनदा जाऊन आलोय. जा, पण आत्ता जसे आहात तसे नका जाऊ.

आधी पाय. सूटमध्ये हवा किती, तर अंगाला चिमटे बसायचे थांबतील एवढीच. नवखा माणूस वजन जास्त घेतो, मग ते पेलायला सूट फुगवतो, आणि ती सगळी हवा आत हिंडत राहते. त्यामुळे पहिल्यांदा वजन नीट तपासून घ्या. पाय वर जायला लागले की गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, डोकं वर आलं की डावं कोपर उचलायचं – दंडावरच्या झडपेतून हवा आपोआप निघते. झडप पूर्ण उघडी आहे ना, हे उतरायच्या आधी बघा. माझी एकदा बंद होती. पुढचं सांगत नाही. ६ मीटरवर ही कोलांटी दहा वेळा मारा, सोबत कुणीतरी असू द्या.

आता जहाजं. मोठ्या युद्धनौका उरल्यात तीन: क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म, मार्कग्राफ. तोफा आणि मनोरे यांचं वजन वरच्या बाजूला, त्यामुळे बुडताना उलट्या झाल्या. तुम्ही दोर धरून खाली जाता, हिरवट अंधार, आणि समोर येतो तो जहाजाचा तळ. पहिल्या वेळी मी पाच मिनिटं जहाज शोधत होतो आणि जहाजावरच उभा होतो. तोफा बघायच्या तर समुद्रतळापर्यंत उतरावं लागतं. मार्कग्राफला म्हणजे ४५ मीटर. ती तुमच्यासाठी नाही, यंदा तरी नाही.

तुमचं खरं काम चार क्रूझरवर (या लहान युद्धनौका): कार्ल्सरूऽ, ब्रुमर, ड्रेस्डेन, क्योल्न. या कुशीवर पडल्यात, त्यामुळे डेक भिंतीसारखा उभा दिसतो. कार्ल्सरूऽ सगळ्यात उथळ, साधारण २५ मीटर. सुरुवात तिथून करा. भंगारवाल्यांनी सुरुंग लावून ती बरीच फोडली आहे, आत जायला मोहाची भोकं आहेत. जाऊ नका.

चहाबाज:
गिझरवाल्या माणसाला ऑर्कनी! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हिशेबनीस:
थंडीपेक्षा मला हवेची काळजी वाटते. सप्टेंबरात तिथलं पाणी १३ अंशांच्या आसपास असतं, चांगल्या अंडरसूटमध्ये निभतं. पण गणित बघा. १२ लिटरचा सिलेंडर, २३० बार (बार म्हणजे दाबाचं माप), म्हणजे २७६० लिटर हवा. ३० मीटरवर दाब चौपट. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर खाली ८०. ७० बार राखीव ठेवले की हातात उरतात १९२० लिटर, म्हणजे २४ मिनिटं, आणि त्यातच खाली जाणं-येणं. घाबरलेला, गारठलेला माणूस २० वर थांबत नाही. अंदमानातल्या तुमच्या नोंदींवरून स्वतःचा आकडा काढा, त्यात निम्मा मिळवा, मग ठरवा.

नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्स करून घ्या. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण ३३ मीटरपर्यंत चालतं, खाली थांबायची मुभा वाढते. हवा मात्र वाढत नाही, हा गैरसमज फार जणांचा असतो. आणि ऑर्कनीतल्या कर्कवॉलहून विमानाने परतणार असाल तर शेवटचा दिवस कोरडा ठेवा, म्हणजे डाइव्ह करू नका.

सांजवात:
मी डाइव्ह करत नाही, पण एक विचारते. तिथे माणसंही गेली होती ना? अशा ठिकाणी पोहायला जाणं बरं वाटतं का?

पाणकावळा:
ताई, प्रश्न रास्त आहे. जर्मन जहाजं बुडाली तेव्हा बहुतेक खलाशी होड्यांत उतरले होते. त्या दिवशी नऊ जण मेले ते इंग्रजांच्या गोळ्यांनी. खरं दफन आहे ते रॉयल ओक या ब्रिटिश युद्धनौकेत. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडीने तिला तिथेच बुडवलं, आठशेच्या वर माणसं गेली. तिथे हौशी डाइव्हरला बंदी आहे आणि ती असावीच. जर्मन जहाजांना कायद्याने स्मारकाचा दर्जा आहे, तिथून स्क्रूसुद्धा उचलायचा नाही.

ओलाचिंब:
सगळ्यांचे आभार, हिशेबनीसांचे जास्त. जुन्या नोंदी काढल्या. माझा आकडा २० नाही, २४ निघाला. निमूटपणे १५ लिटरचा सिलेंडर आणि जोडीला छोटा वेगळा सिलेंडर सांगितलाय, आणि क्लबला कळवलं की ३० च्या खाली मी नाही. मार्कग्राफच्या दिवशी बोटीवर चहा करेन.

काल पुन्हा तळ्यावर गेलो. चार किलो वजन कमी केलं. कोलांटी आठव्या वेळी जमली, नवव्या वेळी पुन्हा फसली. गळ्याचं मात्र तसंच, मान लाल होऊन आलो.

पाणकावळा:
सील निओप्रीनचं (वेटसूटसारख्या मऊ रबराचं) असेल तर कात्री लावू नका. मानेपेक्षा जरासा जाड डबा घालून रात्रभर ठेवा, सैल होतं.

ओलाचिंब:
तुपाचा डबा बरोबर बसला. सूट डायनिंग टेबलावर आडवा पडलाय, गळ्यातून डबा बाहेर. बायको म्हणते, याला जेवायला वाढू का?