वाढत्या अंगाची सॅक घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं पचमढीला चाललोय. चौरागडाच्या पायऱ्या चढायच्याच, असं लेकीनं जाहीर केलंय. वय ९, वजन २६ किलो. आपलं सामान आपणच उचलणार, हा हट्टही तिचाच.

रंगीत तालीम म्हणून रविवारी रामटेकचं गडमंदिर पायऱ्यांनी चढलो. तिच्या पाठीवर शाळेचं दप्तर. अर्ध्या वाटेतच पोरगी पुढे वाकून चालायला लागली, पट्टे सारखे घसरत होते, पाठ घामानं चिंब. उरलेल्या पायऱ्या दप्तर माझ्याकडे!

मग नागपुरात बर्डीच्या बाजारात गेलो. एका दुकानदारानं "कमरेचा पट्टा पण आहे, ताई" म्हणत ४० लिटरची सॅक ह्यांच्या गळ्यात मारली. घरी पाण्याच्या बाटल्या भरून पाहिल्या, तर तो पट्टा म्हणजे नुसती नाडी. ना गादी, ना आधार. सगळा भार खांद्यांवरच. परत घ्यायला तो तयार नाही.

लेकीच्या वेळी तरी फसायचं नाहीये. सासूबाई म्हणतात, वाढत्या अंगाचीच घ्या, दहावीपर्यंत चालेल. फ्रॉकला हे ठीक, पण सॅकला? मुलांना कमरेचा पट्टा खरंच लागतो का? आणि आपल्याकडच्या उकाड्यात पाठीला जाळी असलेली बरी का?

प्रतिसाद १
ताई, वाढत्या अंगाची अजिबात नको. सॅक उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर घेतात. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जे हाड टोचतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. सॅक त्याहून लांब असली तर पट्टा कमरेच्या हाडांवर न बसता खाली कुल्ल्यांवर लोंबतो. वाढीची सोय हवीच असेल तर खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतील अशी बघा.

९ वर्षांच्या मुलीला १२ ते १५ लिटर पुष्कळ. शाळेच्या दप्तराला सरकारनं २०२० च्या धोरणात वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तीच इथे धरा. म्हणजे २.६ किलो, तेही सॅकच्या वजनासकट. एक लिटर पाण्यातच एक किलो गेला! एवढ्या ओझ्याला कमरेचा पट्टा नसला तरी चालतं, छातीवरचा मात्र हवाच, पट्टे घसरतात ते त्याच्यावाचून. त्याच्या बकलला शिट्टी असली तर उत्तम.

मोठ्यांचं वेगळं. तिथे बराचसा भार कमरेवर यायला हवा, आणि त्यासाठी पट्ट्याला गादी हवी, पाठीच्या आत पत्रा किंवा दांडी हवी. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा.

प्रतिसाद २
आमी पचमढीची नागद्वारी यात्रा करतो, भर पावसाळ्यात, म्हणून सांगतो. तिथं पाऊस असा राहते का सॅकले कव्हर घातलं तरी पाठीकडून पाणी आत जातेच. कपडे पैले प्लास्टिकच्या थैलीत, मंग सॅकमंदी. दिवाळीत पाऊस नसन, पण सवय असू द्या.

जाळीचं म्हणाल तर हवा खेळते, पाठ कोरडी राहते. पण सॅक पाठीपासून दूर होते, अन् भार मागं ओढते. पोरीसाठी साधी फोमवाली, मधातून खाच असलेली घ्या. अन् खायचं बाहेरच्या खिशात ठेवू नका बाप्पा, माकडं लई आहेत तिकडं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. लेकीची पाठ ३४ सेंटीमीटर भरली, टेप सासूबाईंनीच धरली होती. वाढत्या अंगाच्या सॅकचा विषय तिथेच मिटला.

ह्यांच्या सॅकला इतवारीतून गादीचा पट्टा शिवून घ्यायचा बेत होता. आत्ताच आत हात घालून पाहिलं, पत्रा-दांडी काही नाही, नुसता फोम. म्हणजे पट्टा शिवूनही उपयोग नाही ना? तसं असेल तर ती भाजी आणायला ठेवते. नागपुरात वजन भरून, पाठीला लावून, चार पावलं चालून बघू देणारं दुकान कुणाला माहीत असेल तर सांगा.