पद्मिनीचं इंजिन उतरवायचंय, लिंबाच्या फांदीला चेन पुली चालेल का?

जालनेकर: वडिलांची १९८४ ची पद्मिनी गाडी, लई धूर ओकतीय. इंजिन बोरिंगला (आतले सिलिंडर घासून घ्यायला) द्यायचंय. दारातल्या लिंबाला एक टनाची चेन पुली अडकवतो. गिअरबॉक्स गाडीतच ठेवला तर?

मोंढ्यावरचा मिस्त्री: फांदीचं डोक्यातून काढा भाऊ. वरून हिरवी दिसती, आतून पोखरलेली असली तर कळत नाही. बोअरची मोटर काढणाऱ्यांकडं लोखंडी तिपाई असती, ती आणा. पाय कोब्यावर टेकवा, मातीत नको.
गिअरबॉक्स राहू द्या, पण खाली जॅक लावा. बोल्ट सुटले की इंजिन सरळ पुढं ओढायचं. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटमधून पूर्ण निघेस्तोवर वर घ्यायचं नाही, नाहीतर प्लेट वाकलीच म्हणून समजा. रेडिएटर, बॅटरी, पेट्रोलचा पाइप आधी काढा. अर्थिंगची पट्टी सोडवायला तर हमखास विसरतात.

जालनेकर: इंजिन बांधायला साखळीऐवजी सोल (जाड दोर) चालंल का? घरात पडलाय.

मोंढ्यावरचा मिस्त्री: सोल बैलाला ठेवा!

बीडचा अँबेसेडरवाला: इंजिन बाहेर आल्यावर त्याला झोका देऊ नका, गाडीच मागं ढकला. लगेच जुन्या टायरवर उतरवा. लटकत्या इंजिनाखाली कुणाचा हात जाऊ देऊ नका, पाना पडला तरी.