चुंबकाच्या भंगारातून निओडिमियम: ऑक्झॅलेट पिवळं का येतं?

शिरोली_स्क्रॅप: हार्ड डिस्क आणि सर्व्हो मोटरींतले चुंबक आहेत. १०० ग्रॅम सल्फ्युरिकमध्ये विरघळवून थेट ऑक्झॅलिक ॲसिड घातलं, तर गाळ पिवळाधमक, भाजल्यावर विटकरी. लोखंड नेमकं कुठं अडवायचं?

गाळणकागद: पिवळं ते फेरस ऑक्झॅलेट, म्हणजे लोखंडाचंच. चुंबकात दोन तृतीयांश लोखंडच असतंय भावा, रेअर अर्थ (निओडिमियमच्या कुळातले धातू) जेमतेम ३० टक्के. आधी डबल सल्फेट पाडा, म्हणजे रेअर अर्थ सोडियमबरोबरच्या जोड-सल्फेटच्या गाळात बसतं आणि लोखंड पाण्यात राहतं.

चुंबक ३५० अंशांवर तापवा. ३१२ च्या पुढं चुंबकत्व जातं. मग निकेलचा मुलामा काढून जाडसर कुटा. कोरडं बारीक दळू नका, भुकटी पेट घेते. २ मोलर सल्फ्युरिक १ लिटर घ्या आणि तुकडे थोडे थोडे टाका, कारण एकूण ३५ लिटरच्या वर हायड्रोजन निघतो. काम उघड्यावर, आसपास बर्नर नको. गाळून कॉस्टिक सोड्यानं पीएच १.५ करा, ७० अंशांवर निर्जल सोडियम सल्फेट ६० ग्रॅम घालून तासभर ढवळा. लोखंड फेरस राहिलं तर द्रावणातच राहतं. हवेतल्या ऑक्सिजननं त्याचं फेरिक (लोखंडाचं जास्त ऑक्सिडाइज्ड रूप) झालं आणि पीएच २ च्या वर गेला की तेही बसायला लागतं.

गाळायचं गरम असतानाच! थंड झालं की डबल सल्फेट परत विरघळतं. धुवायलाही साधं पाणी नको, सोडियम सल्फेटचं गरम द्रावण घ्या.

शिरोली_स्क्रॅप: या गाळावर लगेच ऑक्झॅलिक चालेल?

गाळणकागद: सोडियम अडकतं. १० टक्के कॉस्टिकमध्ये उकळून हायड्रॉक्साइड करा आणि पाण्यानं धुवत राहा, धुवणाच्या नमुन्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकल्यावर तो गढूळ होणं थांबेपर्यंत. मग हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवून ऑक्झॅलिक: १ ग्रॅम निओडिमियमला हिशेबानं १.३१ ग्रॅम, प्रत्यक्षात दीड ग्रॅम तरी. ९०० अंशांवर भाजा.

उद्यमनगर_लॅब: एक भर. भाजल्यावर तपकिरी आलं म्हणजे लोखंडच, असं नाही. बऱ्याच चुंबकांत प्रेसिओडिमियम असतं, त्याचा ऑक्साइड काळपट तपकिरीच. चिमूटभर ऑक्साइड हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवून पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाका. रक्तासारखा लाल झाला तर लोखंड. आणि निओडिमियमचा रंग उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली तो बदलतो.

प्रेसिओडिमियम वेगळं काढायचं मात्र डोक्यातून काढा. त्याला मिक्सर-सेटलरच्या (दोन द्रव ढवळून वेगळे होऊ देणाऱ्या टाक्यांच्या) डझनावारी पायऱ्या लागतात, बीकरमध्ये होत नाही. चुंबकात डिस्प्रोशियम (आणखी एक रेअर अर्थ) असेल तर त्याचं डबल सल्फेट जास्त विरघळतं, त्यामुळं त्यातलं काही गाळलेल्या पाण्यात जातं. ते पाणी तपासून घ्या. नंतर चुना घालून, हवा सोडून लोखंड बसवा. तसंच गटारात गेलं तर पुढं पंचगंगाच आहे.