उलुवातूच्या रीफवर गर्दीत सर्फिंग: कोणता ऋतू, कोणती भरती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त पुढचं वर्षभर बालीत राहणार आहे, अगदी दक्षिणेला, बुकित द्वीपकल्पावर. आजवरचं सगळं सर्फिंग वाळूच्या किनाऱ्यांवर झालंय. न फुटलेली लाट पकडून दोन्ही बाजूंना जाता येतं, पण खाली प्रवाळाचा खडक (रीफ) असलेल्या लाटेवर अजून उतरलेलो नाही. बुकितच्या पश्चिम कडेची उलुवातूची लाट फार दिवसांपासून मनात आहे. तिथं घाईनं शिरून दुसऱ्याची लाट वाया घालवायची नाही, म्हणून ज्यांनी तिथले सगळे ऋतू पाहिलेत त्यांना विचारतोय.

ऋतूंचं गणित थोडंफार कळलंय. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा असतो. बुकितच्या पश्चिम कडेला तो जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्यामुळे लाट उभी राहते आणि तिचं तोंड स्वच्छ राहतं. त्याच महिन्यांत दक्षिण महासागरातल्या वादळांचा स्वेल (दूरवरून येणाऱ्या लाटा) येतो. जून ते ऑगस्ट सर्वांत जोरदार. म्हणजे लाट उत्तम तेव्हाच माणसंही सर्वाधिक. नोव्हेंबर ते मार्च वारा पश्चिमेचा, इकडचं पाणी विस्कटतं आणि लोक पूर्वेला सेरांगन, नुसा दुआ, केरामासकडे सरकतात. मग एप्रिल किंवा ऑक्टोबर धरावा का? की या कडेच्या महिन्यांतही आता तेवढीच गर्दी असते?

खरी अडचण बसायच्या जागेची आहे. वाळूवर लाट फुटायची जागा बदलत राहते, माणसं आपोआप विखुरतात. रीफ हलत नाही. लाट त्याच ठिकाणी उठते आणि सगळे तिथंच जमतात. पीकच्या, म्हणजे लाट पहिल्यांदा फुटते त्या जागेच्या, सर्वांत जवळ जो असेल त्याची लाट, हे ठाऊक आहे आणि पूर्ण मान्य आहे. पण नवख्यानं बसावं कुठं? खांद्याकडे, म्हणजे लाटेच्या न फुटलेल्या कडेला, बसलं तर हाती काही लागत नाही म्हणतात, आणि आत सरकणं म्हणजे वर्षानुवर्षं तिथं सर्फ करणाऱ्या स्थानिकांच्या पुढं घुसणं. त्यात लाट लेफ्ट (सर्फरच्या डावीकडे फुटत जाणारी), माझा डावा पाय पुढे, म्हणजे पाठ लाटेकडे.

दुसरं, पाण्याची उंची. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला रीफ फारच उघडी पडत असेल. पहिले काही दिवस अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीत गेलेलं बरं का?

आणि ती गुहा! आत जाताना पायऱ्या उतरून गुहेतून जायचं हे समजलं. पूर्ण भरतीला परत यायचं कसं?

प्रतिसाद

भांगाचे दिवस धरायचा विचार अगदी बरोबर. पाणी दिवसभर मध्यम राहतं, लाटेचा स्वभाव तासातासाला पालटत नाही. उलुवातूच्या लाटेचे वेगवेगळे भाग आहेत; तुमच्यासाठी अर्ध्या भरतीपासून पूर्ण भरतीपर्यंत ‘द पीक’. तिथं टेक-ऑफची (लाट पकडून उभं राहायची) जागा थोडी पसरट आहे आणि खाली पाणी पुरेसं असतं. ओहोटी लागली की सगळे ‘रेसट्रॅक’कडे जातात. ती लाट वेगवान आणि उथळ आहे, तिकडे यंदा पाहायचंसुद्धा नाही. ‘आउटसाइड कॉर्नर’ मोठ्या स्वेलला आणि ओहोटीलाच चालतो, तोही सोडा.

गुहेबद्दल नीट वाचा. कोरड्या ऋतूत (एप्रिल ते ऑक्टोबर) प्रवाह उलुवातूच्या देवळाच्या बाजूकडून शेजारच्या पदांग पदांग किनाऱ्याकडे ओढतो. थेट गुहेकडे तोंड करून हात मारलेत तर किनाऱ्याला लागेपर्यंत ती मागे गेलेली असते. देवळाच्या बाजूला बरंच वर नेम धरा आणि प्रवाहाला तुम्हाला गुहेपर्यंत आणू द्या. हुकलंच तर भिंतीशी झगडू नका. परत बाहेर जाऊन मोठा फेरा मारून पुन्हा या. दंडात एवढा जोर शिल्लक ठेवूनच शेवटची लाट घ्यायची. पूर्ण भरतीला खाली वाळू उरत नाही, म्हणून पहिल्या वेळी पाणी उतरत असताना बाहेर येण्याची वेळ साधा.

बसण्याबद्दल: आधी कड्यावरून तासभर नुसतं पाहा. सेट (एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटा) कुठं उठतो, कोण कुठं बसतं, लाट संपल्यावर लोक कुठून परततात, हे वरून स्वच्छ दिसतं. पाण्यात गेल्यावर पीकच्या किंचित आत, किनाऱ्याकडे बसून मधल्या आकाराच्या लाटा घ्या. मोठ्या सेटसाठी बाहेर बसलेल्यांचं त्यांच्याकडे लक्ष नसतं. तोटा एवढाच की सेट आला की डोक्यावर फुटतो. तेव्हा बोर्ड सोडायचा नाही, मागे माणसं असतात. परतताना कुणी लाटेवर येत असेल तर त्याच्या पुढ्यातून खांद्याकडे पळू नका, फेसाच्या बाजूला जा. मार बसेल, पण त्याची लाट वाचेल. हे लोक पाहतात आणि लक्षात ठेवतात.

पडताना आडवं, पसरून पडा. पाय खाली रोवायचे नाहीत.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, पण सुरुवात उलुवातूपासून नको. बेबी पदांग ही लहान, सौम्य लेफ्ट आहे, रीफची सवय तिथं करा. पश्चिम किनाऱ्यावरचं मेडेवी तर गोट्यांवर फुटणारी लांब, संथ लेफ्ट; पाठ लाटेकडे ठेवून वळायला शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. तिथं पहाटे जा, वारा सुटायच्या आत.

बालीतला पावसाळा (नोव्हेंबर ते मार्च) वाया जातो असंही समजू नका. त्या महिन्यांत स्वेल लहान असतो, पूर्वेकडे वारा जमिनीवरून येतो. सेरांगनला राइटही आहेत, म्हणजे तुम्हाला लाटेकडे तोंड करून रीफवर उतरता येईल. फक्त मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस पाण्यात जाऊ नका, ओढ्यांची घाण समुद्रात येते आणि प्रवाळानं कापलेली जखम लगेच चिघळते. जखम गोड्या पाण्यानं घासून धुवा, आत प्रवाळाचा कण राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी लाली पसरलेली दिसली तर डॉक्टरांकडे जा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मग पावसाळ्यात सेरांगन, कोरडा ऋतू सुरू झाला की बेबी पदांग आणि मेडेवी, आणि उलुवातूला आधी फक्त कड्यावरून. एकच राहिलं: रीफसाठी बूट घालावेत का? बोर्डवर पायाची पकड जाते असं काही जण म्हणतात. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी सांगा.