समाजशास्त्राची पीएचडी मधेच सोडली, यात पळपुटेपणा कुठे आला?

दांडियाबाजारकर: मागच्या महिन्यात रजिस्ट्रेशन रद्द केलं. विषय होता बडोद्यातली मराठी घरं, गायकवाडी नोकरीसाठी आलेल्यांच्या आताच्या पिढीत लग्नं कशी जमतात. काम आवडत होतं हे आधीच सांगतो, नाहीतर लोक लगेच झेपलं नसेल म्हणून मोकळे होतात. पण गुजरात सरकारची पीएचडीवाल्यांसाठीची ‘शोध’ योजना महिन्याला १५,००० देते ती दोन वर्षं, आणि युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, मग मधे खायचं काय? ज्यांच्या घरी दुकानाचं भाडं येतं ते टिकतात, बाकीचे क्लासेस घेतात आणि रात्री अकरानंतर चॅप्टर लिहितात, आणि वर्ग-जात शिकवणाऱ्या आपल्याच लोकांना हे दिसत नाही, कमाल आहे. सोडणं हा सरळ हिशेब आहे, उगाच चारित्र्यावर नेऊ नका.

रावपुऱ्याची माई: हिशेब ठीक रे, पण ज्या आज्यांनी तुला मोडलेली लग्नं, हुंड्याची भांडणं, सगळं सांगितलं त्यांचं काय? त्यांनी काय तुझी स्कॉलरशिप बघून सांगितलं? १९५१ मध्ये आपल्या बडोद्यात समाजशास्त्राचा विभाग सुरू करणाऱ्या श्रीनिवासांची रामपुरा गावावरची तयार टिपणं १९७० ला स्टॅनफर्डला आगीत जळाली, तरी त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं. तुझी तर रेकॉर्डिंग्ज शाबूत आहेत.

दांडियाबाजारकर: माई, श्रीनिवास तेव्हा नावाजलेले प्रोफेसर होते, स्टॅनफर्डला फेलो म्हणून गेलेले, माझ्याशी कसली बरोबरी. आज्यांचा मुद्दा मात्र लागला. पण थीसिस झाली असती तरी ती इंग्रजीत शोधगंगावर, म्हणजे थीसिस ठेवायच्या वेबसाइटवर, पडली असती, आज्या तिथे जाऊन वाचणार होत्या का?

नेटवाला_वडोदरा: पीएचडीची एवढी पूजा कशाला? जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते, पीएचडी ऐच्छिक. भावाने बरोबर केलं.

वाडीवाली: कागदावर ऐच्छिक हो! त्याच्या वरच्या असोसिएट प्रोफेसरला पीएचडी लागतेच, म्हणजे आज सुटलास तरी पुढे प्रमोशनच्या वेळी तेच दार ठोठवायचंय, आणि तेव्हा घरात पोरंबाळं असतील. मी नोकरी करत पुरी केली, रडत केली, पण केली. सगळं सिस्टीमवर ढकलायचं हे मला पटत नाही.

दांडियाबाजारकर: तुमची नोकरी होती ना ताई, मी तेच तर म्हणतोय.

वाडीवाली: नोकरी होती म्हणून वेळ नव्हता, ते कोण मोजणार?

रावपुऱ्याची माई: भांडू नका. डिग्री गेली तर जाऊ दे, ती लग्नं मराठीत लिहून काढ. फक्त आधी घरोघरी विचार, नावं बदलून छापलं तर चालेल का.

दांडियाबाजारकर: एका घरी विचारलं. म्हणाल्या नावं बदल पण वाडा बदलू नकोस, कुणाबद्दल आहे ते नातेवाइकांना कळलं पाहिजे.