हळद आणि दमा : उंदरांवरचे तेच ते प्रयोग आता पुरेत का?

मिरजवाला_फार्मा
एम. फार्मच्या प्रबंधाला विषय सुचला नाही की ‘कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) आणि दमा’ ठरलेला. आपण हळदीच्या मुलखातले, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यामुळे मोह होतो हे समजू शकतो. पण पद्धत बघा. उंदरात दम्यासारखी अ‍ॅलर्जी आणायला पहिल्या दिवशी आणि चौदा दिवसांनी त्याच्या पोटात २० मायक्रोग्रॅम ओव्हाल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन) टोचायचं, सोबत प्रतिकारशक्ती चेतवायला २ मिलिग्रॅम अ‍ॅलम. आणखी दोन आठवड्यांनी सलग तीन दिवस १ टक्का ओव्हाल्ब्युमिनचा नेब्युलायझरने फवारा. आणि कर्क्युमिन कधी? प्रत्येक फवाऱ्याच्या तासभर आधी! मग इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी दिसणारच. दवाखान्यात येणाऱ्या माणसाचा दमा वीस वर्षांचा मुरलेला असतो, त्याच्याशी याचा संबंध काय? माझं मत स्पष्ट आहे : हे विषय मंजूर करणं थांबवा.

हरिपूरची_हळद
थांबवा कशाला? दम्याची बरीच औषधं झाडपाल्यातूनच आली. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन घडलं. आपल्याकडे धोतऱ्याची पानं जाळून धूर घ्यायचे; त्याच कुळातल्या अ‍ॅट्रोपिनवरून पुढे श्वासनलिका मोकळ्या करणारं इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम आलं. आणि क्रोमोग्लायकेट हे दम्याचं औषध तर खेलिन नावाच्या वनस्पतिद्रव्यावरून. १९६५ मध्ये रॉजर अल्टोनियन या डॉक्टरने ते स्वतःवर तपासून पाहिलं, कारण त्याला स्वतःलाच दमा होता. कर्क्युमिनसारखंच तेही पोटातून नीट शोषलं जात नव्हतं. म्हणून सोडून दिलं का? नाही, भुकटी ओढायचं यंत्र बनवलं.

मिरजवाला_फार्मा
@हरिपूरची_हळद, तुमच्या प्रत्येक उदाहरणात रेणू बदललाय, हे तुम्हीच सांगताय. इथे तोच पिवळा रेणू पुनःपुन्हा. ३७ अंश तापमान, ७.४ पीएच, सीरम नसलेलं द्रावण : अर्ध्या तासात जवळपास ९० टक्के कर्क्युमिन विघटित होतं. शिवाय ते स्वतः रंगीत आणि चमकणारं, त्यामुळे रंग किंवा चमक मोजणाऱ्या चाचण्यांना फसवतं. भलत्याच प्रथिनांवर ‘परिणाम’ दाखवणाऱ्या रेणूंच्या यादीत त्याचं नाव आहे. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातल्या मंडळींनी यावर सविस्तर आढावा घेतला, तो न वाचता प्रबंध लिहिले जातात.

तासगावकर
मग हळद-दूध प्यायचंच नाही काय?

विश्रामबाग_केमिस्ट
प्या की, पण हिशेब माहीत असू दे. उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम कर्क्युमिन देतात. माणसाचा डोस काढायला शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने १२.३ ने भागायचं, म्हणजे किलोला साधारण ८ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅमच्या आसपास. हळदीत कर्क्युमिन ३ टक्के धरलं तर रोज १६ ग्रॅम हळद, पाच चमचे. तुमच्या पेल्यात अर्धा चमचा असते, त्यात ४५ मिलिग्रॅम. नुसतं १०० ला ६० ने सरळ गुणून ६ ग्रॅम कर्क्युमिन ‘माणसाचा डोस’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते पान तिथेच बंद करा.

खरी भीती मिऱ्याची. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर रक्तात पोचणारं प्रमाण वीसपट वाढतं, हा १९९८ चा अभ्यास सगळे सांगतात. पण पायपरिन थिओफिलिन या दम्याच्या जुन्या औषधाचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, हे कोणी सांगत नाही. १९९१ मध्ये तेवढंच पायपरिन रोज, सात दिवस देऊन निरोगी माणसांत ते दिसलंय. थिओफिलिनची सुरक्षित मर्यादा फार अरुंद : रक्तात मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की उलट्या, छातीत धडधड, पुढे झटके. मिऱ्यात पायपरिन साधारण ५ टक्के, म्हणजे २० मिलिग्रॅमला ४०० मिलिग्रॅम मिरपूड, चिमूट-दीड चिमूट. थिओफिलिनच्या गोळीवर असलेल्या आजोबांना ‘हळद-मिरी-मध’ रोज द्यायच्या आधी डॉक्टरांना विचाराच.

हरिपूरची_हळद
मिऱ्याचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच तर संशोधन हवं ना! घरोघरी लोक घेतात, मग परिणाम कोण मोजणार?

पिंजरा_नंबर_सात
दोघंही वरवरचं भांडताय. प्रबंध बिघडतात ते पिंजऱ्यापाशी. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून अर्धा टक्का सीएमसीच्या (घट्टपणा आणणारी पूड, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) द्रावणात ढवळून नळीने पोटात देतात, २५ ग्रॅमच्या उंदराला पाव मिलिलिटर. बाटली टेबलावर ठेवली की पाच-दहा मिनिटांत तळाशी पिवळा थर. दरवेळी हलवली नाही तर पहिल्या उंदराला जवळजवळ पाणीच जातं आणि शेवटच्याला दुप्पट औषध. मग निकालात एवढी तफावत का, म्हणून डोकं खाजवत बसायचं.

दुसरं, कोणता गट कुठला हे लपत नाही. औषधाच्या गटाच्या लेंड्या पिवळ्या, तोंडाभोवतीची लव पिवळी. म्हणून काचपट्ट्यांवर सांकेतिक आकडे घालून मोजणी तिसऱ्याकडे द्यायची, पट्टीमागे किमान २०० पेशी. पेशी मोजायला फुप्फुस धुताना अर्ध्या मिलिलिटरचे तीन घाणे घातले आणि परत किती आलं ते लिहिलं नाही, तर ‘मिलिलिटरला इतक्या पेशी’ हा आकडा निरर्थक.

तिसरं, ओव्हाल्ब्युमिन एंडोटॉक्सिनमुक्त (जिवाणूंच्या विषापासून मुक्त) घेतलं नाही तर इओसिनोफिलऐवजी न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी चढतात, आणि तुम्ही दमा सोडून भलताच दाह तपासत बसता.

मिरजवाला_फार्मा
हे मात्र एकदम बरोबर. पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं : एवढी काळजी घेणं परवडत नसेल तर उंदीर मारू नका. त्यापेक्षा पंप ओढायची पद्धत तपासा. दाह कमी करणारं औषध आपल्याकडे आहेच, श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड. जीना या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात प्रौढांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर (श्वासनलिका तात्पुरत्या मोकळ्या करणारं औषध) ठेवू नका असं साफ लिहिलंय. तरी लोक साल्ब्युटामॉलचा तोच निळा पंप वर्षभर चालवतात. आणि पंप दाबल्यावर श्वास किती सेकंद रोखतात, हे बघायला पिंजरा लागत नाही.

हरिपूरची_हळद
ते फार्मसी प्रॅक्टिसवाल्यांचं काम, फार्माकॉलॉजीवाल्यांनी काय करायचं? माझी अट एवढीच : ‘स्थानिक बाजारातून हळद आणली’ असं लिहून सुटायचं नाही. पेवातली (जमिनीखालच्या साठवणीतली) की गोदामातली, कोणती जात, उकडून किती दिवस वाळवली, एचपीएलसीवर (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) कर्क्युमिन किती टक्के. बाजारात ‘शुद्ध कर्क्युमिन’ म्हणून मिळतं तेसुद्धा तीन द्रव्यांचं मिश्रण असतं, साधारण ७७, १७ आणि ३ टक्के.

पिंजरा_नंबर_सात
ठीक, मग असं करा. औषध फवारे संपल्यावर चोवीस तासांनी सुरू करा, आधी नाही. एका गटाला किलोमागे १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, एका गटाला नुसतं सीएमसी. डेक्सामेथासोनने इओसिनोफिल खाली आले नाहीत तर तो सगळा घाणा बाद, कर्क्युमिनचे आकडे कितीही सुंदर असोत.